गाडी तापते, पाणीही पिते, ऐकू कुणाचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचकाने नुकतीच बारा वर्षं जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली आहे. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी गार करणारा भाग, पुढे बंपरच्या आत. बरीच वर्षं मनात होती, पैसे साठवून घेतली. घेताना जाणकाराला दाखवली नाही याची आता लाज वाटते. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा चढतो, गाडी पळू लागली की उतरतो. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी दर आठवड्याला खाली जाते आणि ते दर वेळी टाकी काठोकाठ भरतात. जमिनीवर थेंब दिसत नाही, पण लांबच्या फेरीनंतर मागून गोडसर वास येतो. गॅरेजवाल्याने वरवर पाहून "हेड गॅस्केट उडालंय, इंजिन उतरवावं लागेल" असं सांगितलं (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील). मित्र म्हणतो, गळती बंद करणारी बाटली ओत. विकणारा म्हणतो, "स्पोर्ट्स गाड्या तापतातच." पत्नीचं मत, आणखी पैसे घालण्याआधी विकून मोकळे होऊ. वाचक विचारतात: यांतलं कुणाचं ऐकू, माझी फसवणूक झाली का, आणि तोवर पाणी भरत भरत गाडी चालवली तर चालेल का? पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर डोंगराळ रस्त्यावरची सहल ठरली आहे.

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तातडीचं आहे. नाही, चालणार नाही. आजच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि एकदा नीट तापलं की ते वाकतं. किती वाकलं तर बाद? ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात, कधी त्याहून कमी. आज तुमच्याकडे कदाचित एका पंख्याचं किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाचं काम असेल. काटा लालमध्ये ठेवून पाच मिनिटं चालवलीत तर गॅरेजवाल्याने सांगितलेला आजार तुम्ही स्वतःच्या हाताने आणाल. सहलीला मित्राच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून जा.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला चार सल्ले मिळाले, आणि त्या चौघांपैकी एकानेही गाडीवर एखादी चाचणी केलेली नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेलं काम मोठं आहे म्हणून त्याचं निदान खरं, असं तुमच्या पत्रात कुठेतरी गृहीत धरलेलं दिसतं. जुनी महागडी गाडी घेतलेल्या माणसाच्या मनात एक अपराधी भाव असतो. सगळ्यात वाईट बातमी सांगणारा त्याला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पण त्या गॅरेजने टाकीचं झाकण उघडून वायूची चाचणी केली का, यंत्रणेत दाब भरून पाहिला का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. केली असती तर तुम्ही लिहिलं असतं.

उलट तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, जे त्या चौघांच्या मतांपेक्षा जास्त मोलाचं आहे: उभी असताना तापते, पळताना उतरते. गाडी कधी तापते, हा पहिला प्रश्न. उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा ओढण्याचं काम फक्त पंखा करतो. गाडी वेगात असली की समोरून येणारा वारा पुरेसा असतो. त्यामुळे उभ्याने तापून पळताना निवणारी गाडी पहिलं बोट पंख्याकडे दाखवते. मग पंख्याची मोटर असेल, रिले असेल, फ्यूज असेल किंवा वायर. याच्या उलट, शहरात बरी पण महामार्गावर सतत वेग धरला की तापते, असं असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही: पंपाची पाती झिजली किंवा तुटली, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धाच उघडतोय, रेडिएटर आतून चोंदलाय, होजचं, म्हणजे रबरी नळीचं, अस्तर आतून सुटून वाट अडवतंय. चढावर, इंजिनावर जोर आला की तापते आणि पाणीही उडवते, तर मग हेड गॅस्केटची शंका मोठी होते. म्हणजे तुमच्या गाडीची लक्षणं गॅरेजवाल्याच्या निदानाशी फारशी जुळत नाहीत. अशक्य आहे असं म्हणत नाही. पण तिथून सुरुवात करायचं कारण नाही.

पंखा तपासणं तुम्ही घरीच करू शकता. गार इंजिन चालू करा, एसी लावा आणि पुढे जाऊन कान द्या. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा हळू वेगाने फिरू लागतो, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो आणि त्याचीही उष्णता बाहेर काढायची असते. तुमच्यासारख्या गाड्यांत पुढे डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे रेडिएटर असतील तर पंखेही दोन, दोन्ही ऐका. पंख्याला दोन वेग असतात आणि हळू वेगासाठी बऱ्याच गाड्यांत एक रेझिस्टर असतो. तो जळला की हळू वेग बंद पडतो, पण तापमान फार चढल्यावर वेगवान फेरा सुरू होतो. मालकाला वाटतं पंखा चालतोय, आणि काटा मात्र सिग्नलला रोज चढतो. तुमच्या वर्णनाशी हे इतकं जुळतं, की मी मेकॅनिक असतो तर आधी तिथेच हात घातला असता.

आणि पंख्याला दोष देण्याआधी टॉर्च घेऊन बंपरच्या जाळीतून आत पाहा. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे खाली, अशा गाड्यांत पुढचे कोनाडे वाळकी पानं, कागद आणि धूळ गोळा करतात. पोर्शच्या बॉक्स्टरचे मालक याला सरावलेले असतात. कचरा नुसता पुढे नसतो, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत ओल्या लगद्यासारखा बसतो आणि बंपर काढल्याशिवाय दिसत नाही. साफ करताना जोराच्या पाण्याची नळी जवळून मारू नका. पत्र्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि होती ती हवाही बंद होते.

आता काट्याबद्दल. गाडीतला काटा हा थर्मामीटर आहे असं आपण धरून चालतो. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. ७५-८० अंशांपासून १०५ अंशांच्या आसपासपर्यंत तो मधोमध उभा राहतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. आणि तिथून हलला की खरंच घाबरायची वेळ आलेली असते. म्हणून एक साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र, घ्या. ओबीडी-२ सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं आहे. तुमच्या गाडीत ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली मिळेल. त्यात कूलंटचं तापमान थेट आकड्यात दिसतं. आकडा हाती आला की विकणाऱ्याच्या "तापतातच" या वाक्याचाही निकाल लागेल. त्यात थोडं तथ्य आहे: कित्येक गाड्या १०० अंशांच्या वरही आरामात चालतात आणि पंखा तेव्हाच लागावा अशी त्यांची रचना असते. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो आणि पंखा किती अंशांना लागतो हे दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. सिग्नलला १०३ दाखवून पंखा लागला आणि ९६ वर आला, तर ती गाडी तापत नाही, ती नीट चालली आहे. ११५ च्या पुढे चढतच गेली, तर तापते आहे.

यात एक फसवी गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पातळी फार उतरली आणि सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर काटा खाली येऊ शकतो, आणि इंजिन आत भाजत असतं. त्यामुळे तापलेल्या गाडीचा काटा अचानक, काही कारण नसताना पडला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. गाडी बाजूला घ्या. तसंच हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही आतून गार हवा येत असेल आणि काटा वर असेल, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

तुमचं दुसरं गृहीत असं की तापणं आणि पाणी कमी होणं हा एकच आजार आहे. असेलही. पाणी कमी झाल्याने गाडी तापू शकते. गाडी तापल्याने दाब वाढून एखाद्या जुन्या सांध्यातून पाणी बाहेर पडू शकतं. आणि दोन वेगवेगळी दुखणी एकाच महिन्यात भेटलीत असंही होतं, विशेषतः बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत. पंपाचं सील, रबरी ओ-रिंगा कोरड्या पडतात आणि नवा मालक रोज चालवू लागला की तोंड उघडतात. म्हणून दोन्हींचा तपास वेगवेगळा करा.

आणि त्याआधी तिसरी शक्यता: पाणी खरंच कमी होतंय का? तुम्ही लिहिलंय, दर वेळी काठोकाठ भरतो. तिथेच थांबा. टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात आणि गार इंजिनात पातळी त्यांच्या मध्ये असायला हवी. वरची जागा रिकामी ठेवलेली असते ती फुगणाऱ्या पाण्यासाठी. गार ते गरम होताना कूलंट साधारण चार-पाच टक्के फुगतं. दहा लिटरच्या यंत्रणेत ते अर्ध्या लिटरच्या आतबाहेर होतं. जागा नसेल तर झाकण ते बाहेर फेकतं, वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पातळी "उतरलेली" दिसते. तुम्ही पुन्हा भरता. ही गळती तुम्हीच चालवत असाल, अशी मला थोडी शंका आहे. टाकीवर कागदी चिकटपट्टी लावा, सकाळी गार असताना पेनाने रेघ मारून तारीख लिहा आणि काही दिवस फक्त बघा. पातळी एका ठिकाणी येऊन थांबली तर गळती नव्हतीच. रोज तितकीच उतरत राहिली तर आहे. बंद यंत्रणेला महिनोन् महिने पाणी लागू नये. "थोडं पितेच गाडी" हे खरं नाही, कितीही महागडी असली तरी. या तपासापुरतीच गाडी जवळच्या जवळ, एसी बंद ठेवून फिरवा आणि स्कॅनरवर नजर ठेवा. पातळी खालच्या रेषेच्या आत गेली की थांबा.

इथे झाकणाबद्दल. ते फक्त बूच नाही, दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकोल असं कूलंटचं नेहमीचं मिश्रण उघड्या हवेत १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने साधारण १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा जादा, दाब धरला की तेच १३० अंशांच्या जवळ जातं. झाकणाची रबरी कडा चिरली किंवा स्प्रिंग थकली की हा सगळा फायदा गेला: तापमान नेहमीचंच, पण पाणी उकळून बाहेर. सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि तो न बदलता लोक वॉटर पंप बदलतात. मात्र गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, कापड धरूनही नाही. दाब सुटताक्षणी आतलं पाणी एकदम वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. वरची होज हाताने दाबली जाईपर्यंत थांबा.

गळती आहे असं ठरलं, तर गॅरेजला एकच काम सांगा: गार इंजिनावर दाबाची चाचणी. टाकीच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेला दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं घड्याळाकडे बघायचं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून पंक्चर शोधतात, तोच प्रकार. दाब पडला तर कुठेतरी वाट आहे. टॉर्च घेऊन ती शोधायची. गारमध्ये दाब टिकला तर एकदा गरम करून पुन्हा, कारण काही सांधे फक्त गरम असताना गळतात, आणि काही फक्त गार असताना. धातू फुगला की त्यांची फट मिटते. तरीही सापडली नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून, दोन-चार दिवस चालवून, अतिनील दिव्याखाली पाहतात.

जमिनीवर थेंब नाही म्हणून गळती नाही असं तुम्ही धरलंय, तेही सोडा. तुमच्या गाडीखाली मोठी प्लास्टिकची चादर असेल, तिच्यात पाणी साठतं आणि वाऱ्याने सुकतं. सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर वाफ होऊन जातं आणि उरतो तो गोडसर वास, जो तुम्हाला मागून येतो. मागून येतो हा धागाही सोडू नका: पुढचा रेडिएटर नाही, तर इंजिनाच्या आसपासचं काहीतरी. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये कूलंटची प्लास्टिकची टाकी मागच्या डिकीशी जोडलेली आहे आणि वयानुसार तिला तडे जातात. मालकाला पहिली खूण मिळते ती डिकीतल्या ओल्या गालिच्याने. तुमच्या गाडीतही मागच्या डिकीचा गालिचा उचला, बोटं फिरवा. शेजारच्या सीटच्या पायाखालीही बघा: तिथे चिकट ओल असेल आणि काचेच्या आतून तेलकट धुकं जमत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. एसी लावल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी मात्र निर्धास्त विसरा. नव्या मालकांना ते फार घाबरवतं.

वॉटर पंप बघायचा तो असा. पंपाच्या बैठकीखाली शेंगदाण्याएवढंही नाही असं एक भोक असतं. आतलं सील गळू लागलं की पाणी बेअरिंगवर जाऊ नये म्हणून ते या भोकातून बाहेर यावं, अशी योजना आहे. गळती बारीक असेल तर थेंब दिसतच नाही. दिसते ती वाळलेली पांढरट किंवा गुलाबी खपली, भोकापासून खाली ओघळलेली, आणि पुली फिरते त्या बाजूला आजूबाजूच्या पत्र्यावर उडालेल्या ठिपक्यांची कमान. नखाने खरवडली तर कुरकुरीत पूड सुटते. पुली हाताने हलवून बघा. खेळ लागला किंवा घरघर आली तर पंप गेला. हीच खपली होजच्या क्लिपांपाशी, थर्मोस्टॅटच्या घरापाशी आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडा अ‍ॅल्युमिनियममध्ये जिथे दुमडून बसवलेल्या असतात त्या शिवणीवर शोधा. बारा वर्षांच्या गाडीत प्लास्टिक हे सगळ्यात अविश्वासू. काही पंपांची पातीही प्लास्टिकची असतात. ती तुटून पंप बदलावा लागला तर तुटलेले तुकडे कुठे गेले हे गॅरेजला विचारा. ते पुढे कुठल्यातरी वाटेत अडकलेले असतात.

बाहेर काहीच सापडलं नाही, पण पातळी उतरतेच आहे, तर मग पाणी आत जातंय आणि हेड गॅस्केटची पाळी आली. तरी इंजिन उतरवायचं नाही; आधी चाचणी. टाकीच्या तोंडातली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. काम थोड्या मिनिटांचं. एकदा निळा राहिला म्हणून लगेच सुटका नाही. गाडी चढावर चालवून आणून पुन्हा करावी, कारण बारीक फट जोर आल्यावरच उघडते. घरच्या घरी दोन खुणा आहेत. गार इंजिन चालू करून मिनिटभरातच वरची होज दगडासारखी कडक झाली, पाणी अजून कोमटही नाही, तर हा दाब वाफेचा नाही, सिलिंडरचा आहे. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना जोरात फुस्स झालं, तरी तोच संशय. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखं पांढरं दिसलं म्हणून मात्र लगेच रडू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ते होतं. सकाळच्या गारव्यात निघणारी पांढरी वाफही निरुपद्रवी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर निघत राहिला, तर वेगळं.

स्पोर्ट्स गाड्यांत एक गोष्ट हटकून नजरेतून सुटते. बऱ्याच गाड्यांत ऑइल गार करायला पाण्याशेजारी एक छोटा कूलर असतो. त्याची आतली भिंत फुटली की इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कित्येक बार आणि पाण्याचा एखादाच बार, म्हणून ऑइल पाण्यात शिरतं. टाकीत तपकिरी चिकट थर दिसतो, ऑइल मात्र अजून स्वच्छ. हे पाहून हेड गॅस्केटचं निदान करणारे कमी नाहीत. तुमच्या गॅरेजवाल्याने टाकीत तसला थर बघून निदान केलं असेल तर त्याला कूलर वेगळा तपासायला सांगा.

मित्राची बाटली नको. गळती बुजवणारं द्रव्य कुठली फट वाईट आणि कुठली वाट चांगली हे ओळखत नाही. हीटरच्या आणि ऑइल कूलरच्या बारीक नळ्याही तेच बुजवतं. शिवाय पुढच्या मेकॅनिकची दाबाची चाचणी निरुपयोगी होते. निर्जन रस्त्यावर अडकून घरी पोचायचं असेल तर शेवटचा उपाय म्हणून समजू शकतो, घरी उभ्या असलेल्या गाडीत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल, असाही सल्ला तुम्हाला मिळेलच. काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट दुसऱ्या बाजूने एक आडवाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता त्या आडवाटेनेच परत फिरतं आणि गाडी जास्त तापते. आधीच्या मालकाने हे केलं नाही ना, तेही बघा. त्याने आणखी काय केलं, हेही बघण्यासारखं असतं. पुढे टर्बोची हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवला, खालची चादर तुटली म्हणून फेकली, बंपर आणि रेडिएटरच्या मधला फोम काढला, असल्या बदलांनी हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते. पाचव्या पिढीच्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये तर रेडिएटरला हवा खालून मिळते, नाकाखालच्या प्लास्टिकच्या पट्टीमुळे. ती पट्टी घासून तुटली की महामार्गावर गाडी तापते, आणि मालक पंप बदलत बसतो.

हवेचं प्रकरणही तुमच्याच गाडीला जास्त लागू आहे. मागच्या इंजिनापासून पुढच्या रेडिएटरपर्यंत लांबलचक पाइप, मध्ये चढउतार. वरून पाणी ओतलं की हवा कुठेतरी उंचवट्याला अडकते. ती हळूहळू सुटते तशी टाकीतली पातळी उतरते, गळती नसतानाही. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी घाईत कूलंट बदललं असेल तर असंच होईल. अशा गाड्या निर्वात पंपाने भरतात: आधी आतली हवा ओढून निर्वात टिकतो का पाहायचं, मग त्याच ओढीने कूलंट आत घ्यायचं. गॅरेजमध्ये हे साधन आहे का, हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. उत्तरावरून गॅरेजची पारख होईल. भरताना रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा याला कुठलाही सर्वमान्य अर्थ नाही. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो, आणि खनिज काढलेलं पाणी. आत कुठला प्रकार आहे माहीत नसेल तर वर भर घालू नका, सगळं काढून धुऊन नवं भरा. जुनं निघालेलं उघड्या भांड्यात ठेवू नका. चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटून मरतात.

फसवणुकीचं म्हणाल, तर आज तरी ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. बारा वर्षांच्या गाडीतलं प्लास्टिक विक्रीनंतरच्या आठवड्यातही तडकतं. पण काही खुणा बोलतात. इग्निशन लावल्यावर बाकीच्या दिव्यांबरोबर कूलंटचा इशारा देणारा दिवा लागतो का? पातळी किमान रेषेखाली गेली तेव्हा लागला होता का? सेन्सरची वायर काढून ठेवलेली सापडली, किंवा टाकीत बाटलीतल्या द्रव्याचा चमचमता गाळ निघाला, तर आधीच्या मालकाला माहीत होतं असं म्हणायला जागा आहे. फोटो काढा, गॅरेजकडून चाचणीचा निकाल लेखी घ्या, आणि इंजिन उघडण्यापूर्वी विकणाऱ्याला लेखी कळवून गाडी बघायची संधी द्या. उघडल्यानंतर "हे तुमच्याच मेकॅनिकने केलं" एवढं म्हणायला त्याला पुरतं. पुढचं तुमच्या विक्रीच्या कागदावर आणि तिथल्या कायद्यावर आहे. त्यासाठी वकिलाला गाठा, आणि वेळ दवडू नका.

पत्नीच्या म्हणण्यात विकण्याची घाई आहे, पण पैशाला हद्द हवी हे त्यांचं बरोबर आहे. ती हद्द चाचण्यांच्या आधी दोघांनी बसून ठरवा, कारण निकाल हातात आल्यावर तुम्ही प्रेमात असाल आणि त्या रागात. झाकण, दाब, पंखा, वायू एवढ्या चाचण्यांना इंजिनाला हात लावावा लागत नाही. पंप निघाला तर थर्मोस्टॅट, पट्टा आणि जवळच्या होजा त्याच वेळी बदला. अशा गाडीत भागांपेक्षा तिथवर पोचण्याची मजुरी जास्त असते. खरंच हेड उतरवायची वेळ आली, तर ते सपाट आहे का हे मोजून आकडा लिहून मागा, नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. आणि तो खर्च तुमच्या हद्दीपलीकडे गेला तर जरूर विका, पण चाचणीचे कागद घेणाऱ्याच्या हातात देऊन आणि त्याप्रमाणे किंमत कमी करून.